आवाज काढून दाखवा

मी एक स्क्रूड्रायव्हर. पेच फिरवण्यासाठीच जन्मलो, पण माझ्या मालकाने ते काम मला फारसं दिलंच नाही. पेचांना डब्यात दुसरे होते. मी कानासाठी होतो.

मालक पंपांच्या, पंख्यांच्या विजेच्या मोटारी दुरुस्त करणारा मिस्त्री. चालू मोटारीच्या अंगावर तो माझं टोक टेकवायचा आणि माझी लाकडी मूठ कानाला लावायचा. मोटारीच्या पोटातलं सगळं माझ्या अंगातून त्याच्या कानात जायचं. "बेअरिंग गेलंय," तो म्हणायचा, आणि ते गेलेलंच असायचं. मला छाती नाही, नाहीतर फुगली असती.

दुकानाची एक रीत होती. यंत्राला हात लावण्याआधी तो गिऱ्हाइकाला म्हणे, "आवाज काढून दाखवा." मग भलीभली माणसं लाजत लाजत तोंडाने खर्र, घूं, टकटक करायची. एका मुख्याध्यापिकाबाईंनी पंपाचा आवाज इतका हुबेहूब काढला, की रस्त्यावरचा कुत्रा भुंकू लागला. मिस्त्रीची बायको जेवणाचा डबा घेऊन आली होती, तिला हसू आवरेना. तो मात्र कुणालाच हसत नसे.

मग त्याचं काहीतरी बिनसलं. धडधाकट मोटारीलाही तो "आत बारीक शिट्टी वाजतेय" म्हणू लागला. चांगली बेअरिंगं काढून नवी बसवायचा, मला पुन्हा लावायचा, शिट्टी आपली तिथेच. माझ्या अंगातून तसलं काहीच जात नव्हतं. पण मी सांगणार कसं? गिऱ्हाइकं कुरकुरू लागली आणि तो त्यांच्यावर खेकसू लागला.

एका दुपारी वीज गेली आणि दुकान गप्प झालं. "अगं, ती मागची मोटर बंद कर," मिस्त्री म्हणाला. बायको म्हणाली, सगळंच बंद आहे. त्याने मूठ कानाला लावली आणि माझं टोक नुसतं हवेत धरलं. शिट्टी चालूच होती. त्याच्या हाताला असा घाम सुटला, की मी निसटून खाली पडलो.

कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे मी त्याच्या खिशात होतो. त्यांनी समजावलं, की गोंगाटात राहून कान थकलाय आणि ही शिट्टी कानातलीच आहे. ती जाईलच असं नाही, पण मन हळूहळू तिचा पिच्छा सोडतं. धास्तीने ती वाढते, म्हणून धास्तीवरही औषध घ्यायचं आणि अगदी शांततेत बसायचं नाही. मिस्त्रीच्या डोक्यात एवढंच राहिलं, की ती जाईलच असं नाही.

घरी त्याने मला फ्रिजला लावलं, नळाला लावलं, भिंतीला लावलं, स्वतःच्या गुडघ्यालाही लावलं. नुसत्या येरझाऱ्या घालायचा, ताटाला हात लावेना. "मला तर काही ऐकू येत नाही हो," बायको म्हणाली, तेव्हा तो आणखीच एकटा पडला. शेवटी मला दुकानाच्या खणात टाकून त्याने कुलूप लावलं. ज्याचा कान खोटं बोलतो, तो कसला मिस्त्री, म्हणाला.

एके सकाळी बायकोनेच त्याला दुकानात ओढून आणलं आणि त्याला गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसवलं. मला खणातून काढून मूठ स्वतःच्या कानाला लावली आणि टोक हलकेच त्याच्या कपाळावर टेकवलं. बराच वेळ ऐकलं. मग म्हणाली, "आवाज काढून दाखवा."

"थट्टा करतेस?"

"तुम्ही कुणाची केलीत कधी?"

त्याने ओठ ताणून एक बारीक, लांबलचक 'ईईई' काढला. तिने तसाच काढून पाहिला. त्याने मान हलवली. "अजून वर." ती आणखी वर गेली, आवाज चिरकला, बाहेर कुत्रा भुंकू लागला.

"हां. हाच."

"एवढा बारीक? आणि सारखा?"

"सारखा."

या वेळी ती हसली नाही. तो मात्र तिच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला.

शिट्टी गेलेली नाही. दुकानात आता एक पंखा उगाच चालू असतो. मोटर ऐकण्याआधी मिस्त्री मला हवेत धरतो, आपली शिट्टी ओळखून बाजूला ठेवतो, मगच टोक टेकवतो. कधी कधी तेही जमत नाही. मग मी पुन्हा हवेत, पुन्हा मोटारीवर, पुन्हा हवेत.

तुमच्या घरातलं कुणी म्हणालं, की कानात वाजतंय, तर 'मला नाही ऐकू येत' म्हणून उठून जाऊ नका. जवळ बसून आवाज काढून दाखवायला सांगा. माझं एवढंच मागणं आहे. आता जरा गप्प बसतो. त्याने मला कानाला लावलंय.