धुळाआप्पाच्या बंडीतली दहावी गोळी

कोण बोलतंय म्हणून इकडंतिकडं बघू नका. खुंटीवर मळकी बंडी टांगलीय ना, तिच्या डाव्या खिशात हात घाला. तंबाखूच्या चंचीखाली एक फाटकं पाकीट लागेल. त्यात नऊ घरं रिकामी आणि दहाव्या घरात मी. मी एक ॲलर्जीची गोळी बोलतेय. मुगाएवढी आहे, पण एका माणसाचं घर सुनं करायला मुगाएवढं कारण पुरलं.

जन्म झाला दूरच्या एका कारखान्यात. यंत्रानं भुकटी दाबून आम्हा दहा बहिणींना गोल केलं आणि चमचमत्या पाकिटात शेजारी शेजारी बसवलं. एकमेकींना पाहता येत नसे, पण बरोबर आहोत एवढं कळायचं. पाकिटाच्या पाठीवर बारीक अक्षरात नाव, मुदत आणि सूचना. ती अक्षरं वाचणारा माणूस भेटायला मला पुढं दवाखाना गाठावा लागला.

सांगलीहून खोक्यातून आम्ही जतला आलो आणि तिथून तानाजीच्या हाती पडलो. तानाजी पुण्यात कंपनीत कामाला. दिवाळीला गावी आला तो शिंका देतच. डॉक्टरांनी त्याला तपासून सांगितलं, रात्री एकच घ्यायची, घेतल्यावर गाडी चालवायची नाही, दारूला शिवायचं नाही. त्यानं तीन रात्री तिघींना घेतलं, नाक मोकळं झालं, आणि उरलेल्या सात जणींना कोनाड्यात ठेवून तो पुण्याला गेला. माणसांची ही एक खोडच आहे. दुखणं गेलं की औषध विसरायचं, टाकायचं मात्र नाही. असू दे, कुणाला तरी लागेल!

लागलं त्याच्या बापाला. धुळाआप्पा सत्तरीचा. बायको जाऊन चार वर्षं झालेली. घरात तो एकटा, दारात एक कुत्रा आणि जाळीच्या वाघरीत बत्तीस मेंढरं. तानाजी दर आठवड्याला फोनवर म्हणायचा, “आप्पा, इका की आता मेंढरं. तुमचं वय हाय का माळानं फिरायचं?”

आप्पाचं उत्तर ठरलेलं. “जवर माझं एक मेंढरू चुकत न्हाई, तवर बोलायचं न्हाई. चुकलं, तर तूच इक.”

आप्पा शब्दाचा पक्का होता. नसता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

त्या वर्षी माळावर गाजर गवत फोफावलं होतं. मेंढरांमागं त्यातून हिंडून आप्पाच्या अंगावर लाल गांधी उठल्या, डोळे चुरचुरायला लागले, शिंकांनी जीव मेटाकुटीला आला. कोनाडा चाचपताना आम्ही हाती लागलो. “पोराला गुण आला, मला का येणार न्हाई?” असं म्हणत त्यानं पाकीट नावाच्या बाजूनं फाडलं आणि चौथी बहीण पाण्याबरोबर गेली.

गुण आला, खोटं कशाला बोलू? तासा-दोन तासांत खाज थांबली. आप्पा कुत्र्याला म्हणाला, “लय भारी औषिद हाय रं.” मग आमचं पाकीट बंडीच्या खिशात आलं आणि रोज एक बहीण कमी होत गेली. चार दिवसांत चौघी. मधल्या काळात तोंडाला कोरड पडायची, पापण्या जड व्हायच्या, लघवीला बसला की उठायला उशीर लागायचा. लघवीचा त्रास तसा वर्षभरापासूनचा, पण तो कुणाला सांगायचा असतो का! सांगितला असता तर औषधवाल्यानंच म्हटलं असतं, ही गोळी तुमच्यासाठी नव्हे.

पाचव्या दिवशी सकाळी एक घेऊन तो माळावर गेला. दहा वाजले तरी खाज हटेना. आता मेंढरू आजारी पडलं की आप्पा स्वतःच त्याच्या घशात औषध ओतायचा, आणि दुपारपर्यंत कान टवकारले नाहीत की दुसरा घोट. बापानं तेच केलं, आज्यानं तेच केलं. तोच हिशेब त्यानं स्वतःला लावला. “एका घोटानं मेंढरू उठत न्हाई, मी कसा उठणार?” म्हणाला, आणि माझ्या शेजारची बहीणही गेली.

त्या दिवसापासून मी एकटी आहे.

आप्पा लिंबाखाली टेकला. काठी हातातून सुटली. मी खिशात होते, त्याचं काळीज मला ऐकू येत होतं. कुत्रा भुंकला, त्यानं आप्पाचं धोतर ओढलं, तरी आप्पा हलला नाही. मेंढरं चरत चरत टेकाडापलीकडं गेली. गळ्यातल्या घंटांचा आवाज लांब लांब जात मग बंद झाला. मला हात असते तर त्याला हलवून उठवलं असतं.

उन्हं कलल्यावर शेजारचा बागायतदार मेंढरं हाकत आला. “आवं धुळाआप्पा! मेंढरं माझ्या द्राक्षात शिरली की वं! फवारणी न्हवती म्हणून वाचली.” आप्पानं डोळे उघडले, पण नजर कुठंच नव्हती. मेलेल्या बायकोला हाका मारत होता. पोट नगाऱ्यासारखं ताठ, सकाळपासून लघवी नाही. बागायतदारानं त्याला जीपमध्ये घातलं आणि तानाजीला फोन केला.

सांगलीच्या दवाखान्यात नळी घालून लघवी काढली, तेव्हा कुठं आप्पाचा श्वास मोकळा झाला. तोवर तानाजीही पुण्याहून येऊन पोचला होता. डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारलं, “गोळी कुठली घेतली?” नाव तर फाडलेल्या बाजूला गेलेलं. तानाजीनं आप्पाच्या बंडीच्या खिशातून मला काढलं. माझ्या पाठीवरची उरलेली चार अक्षरं बाईंनी दिव्याखाली धरून वाचली.

“ही जुन्या जातीची. म्हाताऱ्या माणसाला गुंगी येते, भ्रम होतो. यांची प्रोस्टेटची गाठ वाढलेली, त्यात हिनं लघवी अडवली. नव्या जातीच्या गोळ्यांनी गुंगी कमी येते, पण त्याही विचारूनच घ्यायच्या. यांना कुणी दिली ही?”

तानाजी मान खाली घालून म्हणाला, “गोळी माझी हाय, मॅडम.”

घरी आल्यावर तानाजी मेंढरांचं काही बोललाच नाही. आप्पाच बोलला. “मेंढरू चुकलं. शबुद माझाच हाय. बोलव गिऱ्हाईक.” टेंपोत बत्तीस मेंढरं चढली. आप्पा ओट्यावर बसून एकेकीला नावानं हाक मारत होता, आणि हाकेसरशी मेंढ्या मागं वळून बघत होत्या. तानाजी म्हणाला, “पुण्याला चला, आप्पा.” आप्पा नाही म्हणाला. वाघर तशीच उभी आहे, आत कुणी नाही.

मला कुणी वाईट म्हणत नाही, ते जास्त लागतं. मी विष नाही हो. योग्य माणसाला, योग्य मापात, मी खाजेतून सोडवते. पण एकासाठी लिहिलेली मी दुसऱ्याच्या तोंडात घालू नका. गुण आला नाही म्हणून मला दुप्पट करू नका. मला घेऊन गाडीवर बसू नका. लघवीचा त्रास असो, डोळ्यातला दाब असो, दुसरं औषध चालू असो, आधी सांगा, लाजू नका. आणि माझं नाव शेवटपर्यंत पाकिटावर राहू द्या.

पुढच्या श्रावणात माझी मुदत संपते. काल दुपारी आप्पानं मला खिशातून काढलं आणि तळहातावर ठेवलं. मी घाबरले. पण तो नुसता बघत राहिला. “तुजं काय चुकलं गं पोरी? इचारायची सवय मलाच न्हवती. आता मेंढरंबी न्हाईत, खाजबी न्हाई. येक शिंकबी येत न्हाई बघ.”

मग त्यानं मला परत बंडीत ठेवलं, कोपऱ्यातली जुनी घोंगडी ओढली आणि तिच्यात तोंड खुपसून बराच वेळ बसला. माळाची धूळ, लोकर, मेंढरांचा वास, सगळं तिच्यात अजून होतं. एकाएकी आप्पाला शिंक आली. मग दुसरी, तिसरी. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि म्हातारा कित्येक दिवसांनी हसला.

शिंक थांबवायलाच माझा जन्म. पण ती शिंक थांबावी, असं मला मुळीच वाटलं नाही.