पिकअपमधला राग

"उतरला! काटा उतरला!"

पिकअप चढाच्या माथ्यावर थांबली आणि मागच्या हौद्यात बसलेल्यांनी एकच गलका केला. केबिनमधून आधी गारवाबाबा उतरले. खांद्यावर शाल, चेहऱ्यावर उपकार. मागोमाग गाडी चालवणारा दीर उतरला, घामाने निथळत. अर्ध्या चढावर तापमानाचा काटा लाल खुणेला टेकला होता. बाबांनी मंत्र सुरू केला आणि तो चक्क खाली आला! मागच्या काचेतून सगळ्यांनी पाहिलं होतं.

सासूपाठोपाठ सूनही हौद्यातून उतरली. नवरा हृदयविकाराने गेल्यापासून ही जुनी पिकअप तीच चालवत होती. खालच्या दुकानातल्या फरशा वरच्या नव्या घरांना पोचवायच्या, त्यावर घर चालायचं. आणि हल्ली हा चढ आला की इंजिन उकळायचं.

"मालक आत बसलाय," बाबा गरजले. "बायकोने स्टिअरिंग धरलेलं त्याला खपत नाही! आत्मा तापला की बॉनेट तापतं, बॉनेट तापलं की पाणी तापतं! आई, गाडी धाकट्याच्या हाती द्या. लेकाला शांती मिळेल."

सासूने डोळ्यांना पदर लावला. "देऊन टाक गं गाडी. जिवंतपणी कमी का सोसलं त्याने?"

 सकाळी सुनेने चालवली तेव्हा काटा चढला, दिराने चालवली तेव्हा उतरला. हे तर तिनेही पाहिलं होतं. पण जिवाला चैन पडेना. घरी ती नुसती येरझारा घालत राहिली. शेवटी तिने दिराला गाठलं.

"भाऊजी, केबिनमध्ये नेमकं काय काय झालं?"

"बाबांनी समोर शाल पसरली. मग असा मंत्र ठोकला की कानठळ्या बसल्या. आणि वहिनी, पायांना काय चटके बसत होते! दादाचा राग पायांवाटे बाहेर पडतोय, म्हणाले."

"पायांना?"

ती तशीच गाडीकडे धावली. वाकून पाहिलं. स्टिअरिंगच्या बाजूला, डॅशबोर्डखाली हीटरची दांडी होती. या उकाड्यात तिला कोण हात लावतंय? तिच्यावर धुळीचा थर होता, आणि त्या थरात बोटांचे ताजे ठसे. तिने गाडी सुरू करून दांडी सरकवली. पंखा घरघरला. एवढ्या आवाजावर मात करायला मंत्र मोठ्यानेच म्हणायला हवा होता!

बाबांची चलाखी कळली, पण इंजिन उकळतच होतं. त्याचं काय? दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर तिने पाणी पाहिलं, पंख्याचा पट्टा ताणून पाहिला, रेडिएटरच्या जाळीत कचरा आहे का तेही पाहिलं. सगळं ठीक. अस्वस्थपणा आणखीच वाढला.

मग तिने सासूला शेजारी बसवलं, फरशा भरल्या आणि चढाला लागली. काटा चढला. तिने दांडी सरकवली.

"आई, पाय?"

"भाजतायत गं!"

"आणि काटा?"

सासू वाकून पाहत राहिली. काटा उतरत होता. बाबा नव्हते, मंत्र नव्हता आणि स्टिअरिंग सुनेच्याच हातात होतं.

माथ्यावर कालचीच गर्दी, दीर आणि बाबा वाट पाहत होते; तिनेच निरोप पाठवला होता. "इंजिनातलंच गरम पाणी हीटरमधून फिरतं," तिने सगळ्यांना सांगितलं. "इंजिनाची उष्णता आपल्या पायांवर येते आणि काटा उतरतो. बाबांनी शालीखाली हीच दांडी ओढली."

"छे! माझी शक्ती कालपासून गाडीत मुरलीय!" बाबा म्हणाले.

"मग हीटर बंद करून पाहू."

तिने दांडी मागे घेतली, बॉनेट उघडलं आणि सासूला स्टिअरिंगमागे बसवून ॲक्सिलरेटर दाबायला सांगितला. इंजिन गुरगुरलं, आणि रेडिएटरची खालची रबरी नळी सगळ्यांदेखत चपटी झाली. पाय काढताच पुन्हा फुगली.

"पाहा!" बाबा ओरडले. "श्वास घेतोय तो!"

सासू धडपडत खाली उतरली. "खरंच?"

सुनेने तिला सावरून धरलं. पण ती खोटं बोलली नाही. "नाही हो आई. नळी जुनी होऊन मऊ पडलीय. जोरात पाणी ओढलं की मिटते. पाणी फिरायचं थांबतं आणि इंजिन उकळतं. चढावरच, कारण तिथेच जोर लागतो."

गर्दीतलं कोणीतरी फिस्सकन हसलं. दीर खाली मान घालून म्हणाला, "नवी नळी मी आणतो, वहिनी." बाबांना तेवढ्यात दुसरीकडचा भक्त आठवला.

नवी नळी बसवून सासू-सुना भरलेली गाडी घेऊन निघाल्या. हीटर बंद. काटा मध्यावर थांबला तो हललाच नाही. सासू काट्याकडेच पाहत होती.

"म्हणजे तो गाडीत नाही."

"नाही, आई."

"मग तुझ्यावर चिडलेलाही नाही?"

"कधीच नव्हता."

सासू रडली, आणि रडता रडताच तिने सुनेच्या खांद्यावर हात ठेवला.

बाबा आता दुसऱ्या गावी असतील, तिथेही कोणाचं तरी माणूस गेलेलं असेल. म्हणून सांगायचं इतकंच: चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी विचारा, काय बदललं, कोणी बदललं आणि चमत्कार करणाऱ्याशिवायही तेच घडतं का? आपल्या गेलेल्या माणसाच्या नावावर कोणी काहीही खपवू लागला, तर हे विचारणं आपण त्या माणसाचं देणं लागतो.