यंत्राला खोकला येत नाही

मित्रांनो, मी एक जुना धूरमापक आहे. सिगारेट ओढायची आणि तिच्या धुरात विष किती ते सांगायचं, हा माझा धंदा. आता अडगळीत धूळ खातोय, पण तोंड मिटून बसणार नाही!

काचेच्या नळ्या, एक पंप आणि धूर गाळणारी पांढरी चकती, एवढाच माझा देह. मिनिटाला एक झुरका, तोही मोजून दोन सेकंदांचा. मग एकदा 'सौम्य' सिगारेट आली. तिच्या फिल्टरला सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं होती. त्यांतून हवा शिरे, धूर पातळ होई आणि चकती जवळजवळ कोरीच राही. माझा इवलासा आकडा पाकिटावर झळकला. सगळ्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मीही खुशाल चढलो.

मला चालवणाऱ्या बाईंचे वडील शिंपी होते. त्यांना खोकल्याची उबळ आली की बाईंचा जीव खालीवर व्हायचा.

एके दुपारी ते बाईंचा विसरलेला डबा घेऊन प्रयोगशाळेत आले. हातात न पेटवलेली सिगारेट होतीच.

"बाबा, सोडा ना आता!"

"अगं, सौम्य आहे ही! तुझंच यंत्र सांगतंय. म्हणून तर दोन जास्त ओढतो."

बाईंची नजर त्यांच्या बोटांवर खिळली. जन्मभर सुई धरलेली ती चिमूट नेमकी भोकांवरच घट्ट बसली होती.

"थांबा! बोटं हलवू नका."

बाईंनी तिथे खूण केली, भोकांवर चिकटपट्टी गुंडाळली आणि ती सिगारेट मला ओढायला लावली. चकती तपकिरी झाली. अरे देवा! माझी तर मान खाली गेली.

वडिलांनी चकती उजेडात धरली. "हे सगळं माझ्या छातीत?"

"हो, बाबा."

"मग पाकिटावरचा आकडा कोणाचा?"

"यंत्राचा. त्याला कुठे बोटं आहेत?"

"उशीर झाला का गं?"

"ते डॉक्टर सांगतील. उद्याच जाऊ."

म्हाताऱ्याने माझ्यासमोर पाकीट चुरगळलं.

मित्रांनो, मी खोटं बोललो नाही. माझ्या खऱ्या आकड्याला खोटी साक्ष द्यायला लावली गेली. पुन्हा कोणी 'सौम्य' म्हणून तो आकडा तुमच्यापुढे नाचवला, तर छाती पुढे काढून विचारा, "यंत्राला खोकला येतो का हो?"