दोन कुलपांमागचा प्याला

मित्रांनो, मी एक जुना चांदीचा प्याला आहे. चर्चच्या बाजूच्या खोलीत भिंतीत बसवलेले एक कपाट आहे, त्याच्या मधल्या फळीवर मी राहतो. आत उजेड येत नाही. दाराच्या फटीतून आवाज तेवढे येतात, आणि जे पाहिले-ऐकले तेच मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म एका सोनाराच्या भट्टीत झाला. तेव्हा या चर्चच्या मंडळीत जेमतेम चाळीस घरे होती आणि प्रभुभोजनासाठी, म्हणजे प्रभू येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा घोट घ्यायला, साधा मातीचा पेला वापरत. मग एकदा सगळ्यांनी मिळून ठरवले, की प्रभूच्या मेजावर चांगले भांडे हवे. कोणी चांदीचा चमचा दिला, कोणी बाळाची वाटी, कोणी कोटाची दोन बटणे. एका विधवेने आपल्या नवऱ्याच्या घड्याळाची साखळी आणून दिली आणि मागे वळून न बघता निघून गेली. सोनाराने ते सगळे एकत्र वितळवले. माझ्या अंगात कोणाचे काय आहे, हे त्यानंतर कोणालाच सांगता आले नाही. मलाही नाही.

मग माझी कामाची वर्षे सुरू झाली. महिन्याच्या पहिल्या रविवारी पाळक मला दोन्ही हातांनी उचलत आणि मी रांगेतून फिरत असे. गवंड्याच्या खरखरीत ओठांना लागलो, वकिलाच्या मिशीला लागलो, नव्या नवरीच्या थरथरत्या हनुवटीला लागलो. रात्रपाळी करून आलेला पहारेकरी घोट घेताना नेहमी डोळे मिटायचा आणि मग डुलकीच लागायची, तेव्हा मागचा माणूस हळूच म्हणायचा, "भाऊ, सरका पुढे, आम्हालाही तारण हवंय." हसू यायचे, पण कोणी कोणाला लागेल असे बोलत नव्हते.

उपासना संपली की मला धुवायचे काम मावशीचे. ती चर्चची झाडलोट करायची, सगळे तिला मावशीच म्हणत. कोमट पाण्याने धुवायची, खडूची पूड लावून मऊ फडक्याने पुसायची, आणि ते धुतलेले पाणी मोरीत न टाकता दारातल्या झाडाच्या मुळाशी ओतायची. चाळीस वर्षांत तिचा एकही रविवार चुकला नाही. तिला दोन मुली. थोरली शिवणकाम करायची, धाकटी रुग्णालयात नर्स होती. लहान असताना दोघी खोलीच्या उंबऱ्यावर बसून मला कोण पुसणार यावरून भांडायच्या. मावशी एकीला फडके द्यायची, दुसरीला खडू.

एका हिवाळ्यात तापाची साथ आली. आपल्या मंडळीतली तीन म्हातारी माणसे गेली. त्यानंतरच्या सभेत, मी समोर मेजावरच होतो, धाकटी उठून म्हणाली, "आपण लहान लहान पेले आणू या. ज्याचा त्याचा वेगळा. वॉर्डात मी रोज बघते ना, एकाचं दुसऱ्याला कसं लागतं ते."

थोरली बसल्या जागेवरून म्हणाली, "म्हणजे आता शेजारच्याच्या ओठांची किळस यायला लागली वाटतं!"

"किळस नाही गं ताई, जंतू."

"आईने चाळीस वर्षं हा प्याला धुतला. तिच्या धुण्यात खोट काढतेस तू?"

"मी आईचं नावसुद्धा घेतलं नाही हं! उगाच माझ्या तोंडात शब्द घालू नकोस."

मावशी मधल्या बाकावर बसली होती. ती म्हणाली, "अगं, एकाच मेजावर दोन्ही ठेवा की. ज्याला जे झेपेल ते त्याने घ्यावं." पण तोवर आवाज इतके चढले होते, की तिचे बोलणे माझ्याशिवाय कोणाला ऐकू गेले असेल असे वाटत नाही.

पुढच्याच महिन्यात अर्धी मंडळी उठून रस्त्यापलीकडच्या शाळेच्या सभागृहात गेली. तिथे लहान पेल्यांचा ट्रे आला. पाळक मात्र एकच. बिचारे सकाळी आठला इकडे प्रार्थना करत आणि दहाला धापा टाकत तिकडे. मग प्रश्न आला माझा. राहिलेले म्हणाले, प्याला चर्चचा. गेलेले म्हणाले, आमच्या आजोबांची चांदीही त्यात आहे. थोरलीच्या लोकांनी कपाटाला कुलूप घातले. आठ दिवसांत धाकटीच्या लोकांनी त्याच कडीत दुसरे कुलूप घातले. एक किल्ली थोरलीकडे, दुसरी धाकटीकडे. दोघी एकत्र आल्याशिवाय दार उघडणार नाही, असा तो बंदोबस्त. आणि गंमत बघा, ज्यांना मीच हवा होतो, त्यांनाही मी मिळालो नाही. ते कोणाच्या तरी घरचा पितळी पेला आणून वेळ भागवू लागले.

मावशीने त्या दिवसापासून एक व्रत घेतले. ती दोन्हीकडच्या उपासनेला जायची, दोन्हीकडे डोके झुकवायची, पण प्रभुभोजन कुठेच घ्यायची नाही. पाळकांनी कारण विचारले तर म्हणाली, "साहेब, माझ्या दोघी एका मेजाशी येतील तेव्हा घेईन. एकीच्या हातचं जेवून दुसरीला उपाशी ठेवू का मी?"

अशी दोन वर्षे गेली, मित्रांनो. ती रोज खोलीत येऊन कपाटाचे दार बाहेरून पुसायची. कुलपेही पुसायची. मी आत काळा पडत होतो, आणि बाहेर तिचा खोकला वाढत होता. मग एक दिवस ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी खोलीत तीन जणांची पावले वाजली. पाळक म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, आता काही तासांचंच आहे. तिला या प्याल्यातून प्रभुभोजन घ्यायचंय, तुम्हा दोघींबरोबर. काढा गं कुलपं."

थोरली म्हणाली, "ती काढेल आधी."

"मी का आधी? पहिलं कुलूप तुमच्या लोकांनी लावलं."

"माझ्यामागे बावीस घरं आहेत. उद्या मला विचारतील, आधी कोण वाकलं."

"माझ्यामागे काय रिकाम्या खुर्च्या आहेत?"

"बायांनो!" पाळकांचा आवाज फाटला. "आई आहे ती तुमची. दोघी एकदमच फिरवा किल्ल्या."

दोन किल्ल्या एकदम फिरल्या. दोन वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. दोघी माझ्याकडे बघतच राहिल्या. मी कोळशासारखा झालो होतो.

"असा कसा न्यायचा आईसमोर?" थोरली पुटपुटली. तिने खडूची डबी शोधली, फडके शोधले आणि घासायला बसली. धाकटी म्हणाली, "आधी उकळायला हवा. तिची छाती भरलीय, तिला काहीही बाधेल."

"उकळलास तर घासलेलं फुकट जाईल."

"मग आधी उकळू, नंतर घास."

"नंतर घासला की पुन्हा तुझे जंतू, नाही का?"

पाळक दारातून म्हणाले, "काळा तर काळा, चला ना!" पण कोणी ऐकले नाही. मला घासले, उकळले, पुन्हा घासले, पुन्हा उकळले. मात्र हे चालले असताना त्यांचे आवाज हळूहळू उतरत गेले. उकळत्या पाण्यातून मला काढायला धाकटीने हात पुढे केला, तेव्हा थोरली म्हणाली, "थांब, भाजशील. हे फडकं घे." धाकटीने फडके घेतले आणि नाक ओढले. मला वाटले, झाले, आता सगळे ठीक होणार. मी लखलखत होतो.

त्यांनी मला मावशीच्या घरी नेले. शेजारीण दारातच उभी होती. ती म्हणाली, "आत्ताच गेल्या. मघाशी विचारत होत्या, दोघी निघाल्या का म्हणून. मी म्हटलं, निघाल्या. तर हसल्या." मग तिने माझ्याकडे पाहिले आणि तोंड फिरवले.

थोरली मला हातात धरून खाटेपाशी कितीतरी वेळ उभी राहिली. मला खाली ठेवायचेही तिला सुचले नाही.

मावशीला मूठमाती देताना मी थोरलीच्या हातातच होतो, आणि दोन गट कबरीच्या दोन बाजूंना उभे होते. एका गटाने आपले गीत म्हटले, मग दुसऱ्याने आपले. दोघी बहिणी मधे उभ्या होत्या आणि कुठलेच गीत म्हणत नव्हत्या. त्यांनी दोन्ही गटांना सांगितले, की आम्ही आता कुलूप लावणार नाही. तेव्हा बावीस घरांनी नवे कुलूप आणले, आणि समोरच्यांनीही आणले. किल्ल्या आता दुसऱ्यांच्या हातात आहेत. मी पुन्हा आत आहे.

रविवारी उपासनेआधी दोघी खोलीत येतात. कपाटाला पाठ टेकून जमिनीवर बसतात. मग एकीचा आवाज येतो, "प्रभू, आमची हट्टी मनं जोड," आणि दुसरी आमेन म्हणते. कधी दुसरी सुरुवात करते. मग घंटा वाजते आणि दोघी उठून जातात.

मित्रांनो, मी घासून पुसून पुन्हा चमकेन, मला त्याची काळजी नाही. एकाच प्रभूचे नाव घेणाऱ्या माणसांनी मोठ्या प्याल्यातून प्यावे की छोट्या, यावर मी काय बोलणार? प्रभूने मरणाआधी आपल्या लोकांसाठी एकोपा मागितला होता, प्याल्याचे माप नाही. तुमच्या घरात, तुमच्या मंडळीत असे एखादे कुलूप असेल तर किल्ली तुमच्याकडे आहे तोवर उघडा. आधी कोण वाकले हे मोजत बसू नका. आणि आत जे सापडेल ते काळे असले तरी तसेच उचलून धावत न्या, कारण पलीकडे कोणीतरी विचारत असेल, दोघी निघाल्या का?