माझा सातवा रकाना

मित्रांनो, मी एक जुनी फाइल आहे. जुनी म्हणजे दोन वर्षांची. पण आमच्या जातीत तेवढ्यात म्हातारपण येतं. माझ्या अंगावर उभे रकाने आहेत, आडव्या ओळी आहेत आणि त्यांत गाण्यांची नावं आहेत. नावं आहेत, गाणी नाहीत. एवढी एकच गोष्ट लोकांच्या ध्यानात आली असती, तर माझं निम्मं आयुष्य सुखात गेलं असतं. पण ज्याने ज्याने मला उघडलं, त्याने आधी आवाज वाढवून पाहिला आणि मग विचारलं, ही वाजत का नाही? उसाच्या वजनाची पावती कुणी चावून बघत नाही. माझ्याच वाट्याला हे का यावं, कोण जाणे.

माझा जन्म शिरूरला झाला, पण माझं मूळ राहू गावचं. तिथे बबनरावांचा गाईंचा गोठा आहे. त्यांची मुलगी सुवर्णा भौतिकशास्त्राची पदवी घेऊन घरी आली, आणि पुढचं ठरेपर्यंत वहिनीबरोबर, म्हणजे शितलबरोबर, गोठा बघू लागली. धारा काढायच्या वेळी तिथे मोबाइलवर गाणी लागायची. ती माणसांच्या करमणुकीसाठी होती. पण गोठ्यात मैना नावाची एक गाय आहे, जन्मापासून आंधळी. सुवर्णाच्या लक्षात आलं की मैना गाण्यांवरून वेळ ओळखते. आधी बासरीची धून लागायची, तेव्हा तिच्यापुढे पेंड पडायची. मग जात्यावरच्या ओवीसारखं एक संथ गाणं, तेव्हा कास धुवायची. त्यानंतर हलगीचं गाणं, आणि त्याला दूध काढायचं मशीन. हलगीचे पहिले ठोके कानावर पडले की मैना आपणहून मागचा पाय मागे घ्यायची आणि पान्हा सोडायची.

खात्री करायला सुवर्णाने एकदा मुद्दाम दोन गाणी उलटसुलट लावली. मैनेने मान वर केली, कान फिरवले आणि चारी पाय रोवून उभी राहिली. सुवर्णाने तो प्रयोग पुन्हा केला नाही. पुढे काय होणार हे इतर गाईंना दिसत होतं. मैनेला ते गाण्यांच्या क्रमातून कळत होतं.

आता गंमत बघा. एवढा मोठा आधार गाण्यांच्या ॲपमधल्या ज्या खात्यावर उभा होता, ते खातं सत्यजीतचं होतं. सत्यजीत हा सुवर्णाचा चुलतभाऊ. तो शिरूरला राहतो आणि एका कंपनीच्या स्टोअरमध्ये काम करतो. रिचार्जबरोबर त्याला गाण्यांचं दुसरं ॲप फुकट मिळालं, म्हणून त्याने जुनं खातं महिनाअखेर बंद करायचं ठरवलं. गाणी काय, नव्या ॲपमध्ये परत शोधू, असं त्याने फोनवर सांगितलं.

"आणि क्रम?" सुवर्णाने विचारलं.

"गाणीच हायत ना ती? काय रेशनची लाइन हाय व्हय?"

ती दुसऱ्या दिवशी एसटी बदलत शिरूरला गेली आणि त्याच्या लॅपटॉपवर बसून तिने ती यादी बाहेर काढली. ती बाहेर काढलेली यादी म्हणजे मी. मला सात रकाने मिळाले. पहिल्यात गाण्याचं नाव, दुसऱ्यात गायक, मग अल्बम, वर्ष, यादीत घातल्याची तारीख, गाण्याची लांबी; आणि सातव्यात इंग्रजी अक्षरं नि आकडे एकत्र कोंबलेला एक कोड. दिसायला तो रकाना अगदीच कुरूप. पण प्रत्येक ध्वनिमुद्रणाला असा एक कोड असतो, आणि ॲप बदललं तरी तो बदलत नाही. गाण्याचं आधार कार्डच म्हणा.

जन्मल्या जन्मल्या माझ्यावर आळ आला. सत्यजीतने मला उघडलं, तर माझ्या मराठी नावांच्या जागी टिंबं, टोप्या आणि परकी चिन्हं दिसायला लागली. तो म्हणाला, व्हायरस आला, काढून टाक. सुवर्णाने मला मिटलं आणि पुन्हा उघडताना अक्षरं कोणत्या पद्धतीने वाचायची ते लॅपटॉपला सांगितलं. मराठी जागच्या जागी होती. वाचणाऱ्याला वाचता आलं नाही तर लिहिलेलं चुकलं, हा न्याय मला अजून कळलेला नाही.

निघताना सुवर्णा म्हणाली, "सत्या, ही मला आत्ताच मेल कर."

"संध्याकाळी पाठवतो की. पळून चालली व्हय ती?"

मित्रांनो, 'संध्याकाळी पाठवतो' हे वाक्य तुम्हीही म्हणत असाल. त्या वाक्यानंतर आमचं काय होतं ते मी सांगते. मी त्याच्या लॅपटॉपवर कुणाच्या तरी लग्नाच्या बायोडेटाशेजारी आणि 'नवीन फोल्डर' नावाच्या चार जुन्या फोल्डरांच्या मध्ये पडून राहिले. सुवर्णाचे फोन येत होते. संध्याकाळही रोज येत होती.

खातं बंद व्हायच्या दिवशी, कंपनीला निघता निघता, त्याला माझी आठवण झाली. त्याने मला उघडलं, आणि माझ्या ओळी त्याला विस्कटलेल्या वाटल्या. स्टोअरमध्ये तो नटबोल्टपासून बेअरिंगपर्यंत सगळा माल अक्षरांच्या क्रमाने लावतो. तिथे त्याला शाबासकी मिळते. त्याने प्रेमाने माझा पहिला रकाना निवडला आणि क्रमाने लावायचं बटण दाबलं. लॅपटॉपने सभ्यपणे विचारलं, शेजारचे रकानेही बरोबर हलवायचे का? त्याने प्रश्न न वाचता नको म्हटलं.

पंगतीत पाहुणे जागेवर बसलेले असावेत आणि कुणीतरी येऊन फक्त पुढची ताटं फिरवावीत, तसं झालं. नावं सगळी अक्षरांप्रमाणे वरखाली सरकली. गायक, लांबी, कोड जिथल्या तिथे राहिले. कुणाचं गाणं कुणाच्या नावावर लागलं. मग त्याची नजर सातव्या रकान्यावर गेली. हा कचरा कशाला, असं पुटपुटत त्याने तो पुसायला निवडलाही. तेवढ्यात खाली कंपनीच्या बसने हॉर्न दिला. तो हॉर्न देणाऱ्या ड्रायव्हरला मी कधी पाहिलं नाही, पण त्याचं भलं होवो. घाईत त्याने गोठ्यातली यादी जुळवायला माझे पहिले दोन रकाने नव्या ॲपच्या हवाली केले, मला सुवर्णाकडे पाठवलं, वर लिहिलं, 'नीट लावून दिली हाय', आणि जुनं खातं बंद करून बस गाठली.

गोठ्यात काय झालं ते मला नंतर सुवर्णाच्या मोबाइलमधल्या व्हॉइस मेसेजांनी सांगितलं. ते माझे शेजारी. पेंडेच्या वेळी बासरीऐवजी हळदीचं धांगडधिंग्याचं गाणं लागलं. सुवर्णाने ते बंद करून आठवणीने शोधलं, पण यादी इतकी वर्षं एका बोटाने सुरू व्हायची की नावं कुणी वाचलीच नव्हती. नव्या ॲपमध्ये बासरीच्या धुना ढिगाने होत्या. हलगीचं गाणं सापडलं, तर त्याच नावाने त्याची चार ध्वनिमुद्रणं निघाली, आणि एकही मैनेला पटेना. मशीन लावताच तिने लाथ झाडली. तिसऱ्या दिवशी ती लाथ शितलच्या मनगटावर बसली आणि मनगट सुजलं. दूध कासेतच राहू लागलं, कास कडक लागायला लागली. डॉक्टरांनी औषध दिलं आणि बजावलं की कास मोकळी झाली नाही तर दगडी होईल, म्हणजे कास दगडासारखी होऊन सडं निकामी होतील.

बबनरावांनी जनावरांच्या व्यापाऱ्याला सांगावा धाडला. सुवर्णा वाद घालायला गेली तेव्हा ते म्हणाले, "माझा जीव न्हाई का तिच्यावर? पर आंधळं जनावर, त्यात लाथा झाडाया लागलं. शितलचा हात मोडल्यावर इकायची का?"

 सुवर्णाने सत्यजीतला फोन लावला. तो म्हणाला, फाइल पाठवली ना, तीच लाव.

"फाइल वाजत नाही, सत्या."

"मग काढली कशाला एवढी एसटी करून?"

तिने फोन ठेवला आणि पहिल्यांदाच मला ओळीने वाचायला घेतलं. पहिल्याच ओळीवर ती थबकली. नाव नाचाच्या गाण्याचं, गायकाच्या जागी बासरीवादक, आणि लांबी साडेचार लाख मिलिसेकंद, म्हणजे साडेसात मिनिटं. तिने पुढच्या ओळी पाहिल्या. नावं तेवढी अक्षरांच्या क्रमाने होती, बाकी काहीच नव्हतं. सत्याने हलवलं ते फक्त पहिल्या रकान्यातलं, हे तिला उमगलं. तिने तो रकाना झाकून टाकला आणि माझ्या सातव्या, कुरूप रकान्यावर बोट ठेवलं.

बबनराव दारात उभे होते. "त्यात गाणी न्हाईत म्हणालीस ना? मग काय बघती एवढं?"

"आबा, कणगीत तुम्ही बी ठेवता. कणसं ठेवता का?"

 ते म्हणाले, "बी असंल तर पेरून दाव. सकाळच्याला टेम्पो यायचाय."

ती दुपारभर बसली. एकेक कोड इंटरनेटवर शोधायचा, तो कोणत्या ध्वनिमुद्रणाचा आहे ते पाहायचं आणि नेमकं तेच नव्या यादीत घालायचं. बासरी सापडली. ओवीचं गाणं सापडलं. हलगीचं तर त्या चारांतलं नव्हतंच. ते पाचवं होतं, एका विसरलेल्या अल्बममधलं.

संध्याकाळच्या धारेचा व्हिडिओ शितलने डाव्या हाताने काढला, म्हणून तो हलतो. बासरी लागली, पेंड पडली. ओवी लागली, सुवर्णाने कोमट पाण्याने कास धुतली. मैना पाय रोवूनच उभी होती. बबनराव दावं हातात घेऊन खांबाशी थांबले होते. हलगीचा पहिला ठोका पडला. मैनेचा एक कान वळला, मग दुसरा. बराच वेळ काहीच झालं नाही. मग तिने मागचा पाय उचलला. शितल मागे सरली. पण मैनेने तो पाय अलगद मागे नेला आणि जमिनीवर टेकवला.

बबनरावांनी दावं खुंटीला अडकवलं आणि व्यापाऱ्याला फोन केला. "टेम्पो नगं धाडू. ... न्हाई, दराचं काय न्हाई. फाइल सापडली."

मित्रांनो, पलीकडच्या माणसाला त्यातलं किती कळलं असेल ते मला ठाऊक नाही. पण माझ्याबद्दल कुणी इतक्या आदराने बोललेलं मी प्रथमच ऐकलं. म्हणून तुमच्याकडे थोडंसं मागणं आहे. मला आवरायला जाऊ नका. विस्कटलेलं दिसतं त्यालाही कारण असतं. हलवायचंच असेल तर आधी माझी एक प्रत बाजूला ठेवा आणि यंत्राने विचारलेला प्रश्न वाचून मग उत्तर द्या. आणि जे तुम्हाला वाचता येत नाही, त्याला कचरा म्हणू नका.

दुसऱ्या दिवशी बबनराव सुवर्णाला म्हणाले, बी काय एकाच घरात ठेवायचं नसतं. एक प्रत पाबळला आत्याकडं धाड. सुवर्णाने मला लगेच पाठवलं, संध्याकाळची वाट न बघता. पाबळच्या आत्याने चष्मा लावला, मला उघडलं, मोबाइल कानाशी नेला, आवाज वाढवला आणि सुवर्णाला उलट फोन केला.

"अगं सुवर्णे, ही वाजत का न्हाई?"

 मी सातवा रकाना जागेवर आहे एवढं पाहिलं, आणि गप्प पडून राहिले.