चिखलावरून चाललेली बर्फातली जोडी

मी एक जुनी स्कीची जोडी आहे. खरे म्हणजे आम्ही दोघी आहोत, डावी आणि उजवी. पण इतकी वर्षे एकाच पिशवीत काढली, की बोलताना तोंडात 'मी'च येते. सध्या माझा मुक्काम कुवेतमधल्या फिंतासला, तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात, कपड्यांच्या कपाटामागे आहे. खिडकीतून समुद्र दिसतो. बर्फ मात्र या घरात फक्त फ्रिजमध्ये असतो.

मित्रांनो, स्की म्हणजे बर्फावरून घसरण्यासाठी पायांना बांधायची लांब फळी, हे तुम्हाला ठाऊक असेल. पण माझी जात थोडी निराळी आहे. काही स्की तारेवरून वर जाणाऱ्या पाळण्यात बसून डोंगराच्या माथ्यावर जातात आणि फक्त खाली घसरतात. मी जिथे जाते तिथे पाळणेही नसतात आणि रस्ताही नसतो. माझ्या तळाला केसाळ पट्टे चिकटवतात. मांजराच्या पाठीवरून शेपटीकडे हात फिरवला तर सहज जातो, उलटा फिरवला तर अडतो. या पट्ट्यांचे केस तसेच असतात. ते पुढे सरकू देतात, मागे घसरू देत नाहीत. माणसाची टाच मोकळी राहते, आणि तो पायी चालल्यासारखा तासन् तास दरीतून वर चढत जातो. म्हणून मला मुद्दाम हलके केलेले आहे. दिवसभर पाय उचलायचा तर पायातली फळी जड असून कशी चालेल?

एका डोंगराळ देशातल्या छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. आत हलके लाकूड, वर काळ्या तंतूंचे कापड, कडेला पोलादाची बारीक पट्टी. हे सारे एकावर एक रचून गरम साच्यात दाबले. बाहेर आले तेव्हा मी गुळगुळीत आणि डौलदार होते. तिथल्या दुकानातून मला आलोक नावाच्या इंजिनिअरने घेतले. तो मूळचा साताऱ्याचा, नोकरीला कुवेतमध्ये, राहायला मंगफला. सुट्टी मिळाली की तो मला घेऊन जॉर्जियाच्या डोंगरांत जाई. तीन हिवाळे मी त्याच्याबरोबर मनसोक्त हिंडले. मग त्याचा गुडघा दुखावला आणि माझी रवानगी बाल्कनीत झाली.

कुवेतच्या उन्हाळ्यात बाल्कनी म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला हवे का? लोखंडी कठड्याला हात लावला तर चटका बसे. पट्ट्यांचा डिंक वितळला आणि माझ्या तळाला चिकटून बसला. वाळूच्या वादळात पिशवीच्या चेनमधून बारीक धूळ आत आली. शेजारी कपडे वाळत घालायचा स्टँड होता. कधी एखादा ओला पंचा माझ्यावर टाकलेला असे, तेवढाच काय तो गारवा. मी बर्फ विसरू लागले होते.

माझी सुटका केली ती आलोकच्याच गुडघ्याने. गुडघ्याचे व्यायाम करायला तो एका दवाखान्यात जात असे. तिथली फिजिओथेरपिस्ट होती माहीन. तिचे आईवडील दापोलीजवळच्या खाडीकाठच्या गावचे, तिचा जन्म मात्र कुवेतमधला. पाय वर, पाय खाली असे करताना आलोक तिला डोंगरांच्या गोष्टी सांगे. माहीनने तोवर बर्फ पाहिलाच नव्हता. ऐकता ऐकता तिला त्या गोष्टींचे वेड लागले. ती धावू लागली, जिने चढू लागली, आणि एका हिवाळ्यात जॉर्जियाला जाऊन पंधरवडाभर स्की शिकून आली. परत आली तेव्हा आलोक म्हणाला, "माझी जोडी घेऊन जा. मला आता डॉक्टरांनी लांबच्या चढाला नाही म्हटलंय. आणि मी बुटका, तू उंच, म्हणजे उंचीला दोघं सारखेच, मापाचा प्रश्नच नाही."

माहीनने मला घरी नेले. गरम इस्त्रीने जुना डिंक सैल करून हळूहळू खरवडून काढला. कडांवरचा गंज घासला. मेण लावले. दोन दिवस घरभर मेणाचा वास येत होता. तिची आई रबिया दाराशी उभी राहून म्हणाली, "एवढी सेवा माझ्या पायांची केली असतीस तर?" पण हे म्हणताना ती हसत होती.

वडील मात्र हसले नाहीत. यूसुफ त्यांचे नाव. उमेदीची सगळी वर्षे त्यांनी बंदरावरच्या एका कंपनीत काढली होती, आणि आता निवृत्त होऊन मुलीकडे राहत होते. ते मला पाहून म्हणाले, "आपण खाडीकाठची माणसं. डोंगरात आपलं काय ठेवलंय गो?"

"अब्बा, मला आवडतं," माहीन म्हणाली.

"आवडतं म्हणून जीव धोक्यात घालायचा काय? तुझ्याशिवाय आम्हाला कोण आहे?"

तरी ती गेली, पण निघताना अब्बा खोलीतून बाहेर आले नाहीत.

त्या सफरीत मी तिच्या पायाखाली होते. पहाटे गाव सोडले, मग लांबच लांब दरी. बर्फावर माझा एक हळुवार आवाज होतो, सुईत दोरा ओढल्यासारखा. माहीन दमली की थांबे, खजूर खाई, पुन्हा चाले. खिंड जेमतेम दिसू लागली तोच ढग उतरले. मागे फिरायचे का, असे वाटाड्याने विचारले आणि तिने लगेच मान डोलावली. आम्ही मागे फिरलो. खिंड राहून गेल्याचे तिला वाईट वाटले, पण तिला मागे फिरता येते हे पाहून मला तिचा भरवसा वाटला. घरी येऊन तिने हे सगळे अब्बांना सांगितले. ते पेपरातून डोळे न काढता म्हणाले, "पुढच्या वेळी ढग आधी सांगून येतील काय?"

पुढचा हिवाळा आला. माहीनने पुन्हा तिकीट काढले. घरात बोलणे कमी झाले. रबिया अधेमधे दोघांचे निरोप पोचवी, जेवायला चला, फोन आलाय, असे.

निघायला थोडे दिवस उरले असताना एका शुक्रवारी आलोकने माहीनला सरावासाठी मुतला टेकाडावर बोलावले. वाळूच्या उतारावर पट्टे लावून वळायचा सराव करायचा, असे ठरले. रबिया म्हणाली, "आम्हीपण येतो. त्या बाजूला आखाताचा किनारा आहे. तुमची कसरत होईल, आमची सहल होईल." अब्बांना मासे धरायला जायचेच होते. ते गाडीत बसले, पण मागच्या सीटवर, माझ्या पिशवीकडे पाठ करून.

आखाताच्या त्या अंगाला ओहोटी लागली की समुद्र दूर जातो आणि मैलभर करड्या चिखलाचे मैदान उघडे पडते. टेकाडावर जाण्याआधी सगळ्यांनी तिथेच जमायचे ठरले होते, आणि आलोकची जीप आधीच येऊन थांबली होती. चहा झाला. माहीन आणि आलोक मला बाहेर काढून पट्टे तपासत होते. रबिया चटई अंथरत होती. तेवढ्यात अब्बांना चिखलात काहीतरी उडताना दिसले.

"निवटे," ते म्हणाले. त्यांचा आवाजच बदलला. चिखलावर उड्या मारणारे ते छोटे मासे त्यांनी लहानपणी खाडीत हातांनी धरले होते. "रबिया, बघितलंस काय? निवटे आहेत हे."

"लांबून बघा," रबिया म्हणाली.

पण त्यांनी गमबूट चढवले, बादली उचलली आणि निघाले. खाडीचा माणूस होता, चिखलाला कसला घाबरतोय? बरेच अंतर ते नीट गेले. मग एक पाय गुडघ्यापर्यंत रुतला. तो काढायला दुसऱ्यावर जोर दिला, तो त्याहून खोल गेला. किनाऱ्यावरून आम्हाला दिसले ते इतकेच, की अब्बा उभे आहेत आणि बुटके झाले आहेत.

माहीन धावली. थोडे जाते न जाते तोच तीही घोट्यापर्यंत रुतली. आलोकने ओरडून तिला मागे बोलावले. त्याने मदतीसाठी फोन लावला. माणसे निघाली होती, पण शहरापासून अंतर होते, आणि दूरवर पाण्याची चमकती रेघ जवळ येऊ लागली होती. भरती सुरू झाली होती.

रबियाने चटईचे टोक मुठीत घट्ट धरले होते.

माहीनने माझ्याकडे पाहिले. मग आलोककडे. "बर्फात आपण बुडत नाही, ते हिच्यामुळेच ना?"

आलोकने जीपमधून लांब दोर काढला. "चालेल," तो म्हणाला. "पाय उचलू नकोस. सरकव. पट्टे राहू देत, नाहीतर पाय मागे जातील. आणि कमरेला दोर बांध."

मित्रांनो, मी आयुष्यात कधी चिखल पाहिला नव्हता. तो गार होता, पण बर्फासारखा कोरडा आणि मोकळा नव्हता. तो मला खाली धरून ठेवू पाहत होता. माहीनने बूट अडकवले, दोन्ही काठ्या घेतल्या, आईच्या हातातली चटई गुंडाळून पाठीला बांधली आणि निघाली. माझ्या लांबीवर तिचा भार पसरला. मी थोडी दबले, पण रुतले नाही. एक पाय सरकला, मग दुसरा. बर्फावरचा तो हळुवार आवाज इथे नव्हता. ओल्या कणकेतून हात काढावा तसा आवाज येत होता. पट्ट्यांचे केस चिखलाने भरले. मी मनात एकच म्हणत होते, की माझी कड आता उलटी फिरू नये.

अब्बा कमरेपासून वर मोकळे होते. चेहरा पांढरा पडला होता, बादली अजून हातात होती.

"तू कशाला आलीस?" ते म्हणाले. "पाणी येतंय. मागे जा."

"अब्बा, आता माझं ऐका." दवाखान्यात पेशंटशी बोलते त्या आवाजात ती बोलली. "बादली सोडा. हलू नका. मागे टेका, मी सांगते तसं."

तिने चटई पसरली, तिच्यावर बसून मला पायांतून सोडले आणि आम्हा दोघींना अब्बांच्या पाठीमागे शेजारी शेजारी ठेवले. अब्बा हळूहळू आमच्यावर रेलले. माहीनने त्यांच्या मांडीभोवतीचा चिखल हातांनी उकरला. "गोल फिरवा पाय. ओढू नका, फिरवा. हां. अजून." एक पाय मोकळा झाला, गमबूट आतच राहिला. दुसऱ्याला जास्त वेळ लागला. तोवर पाण्याची पहिली पातळ चादर चटईला येऊन लागली. मग दुसराही पाय सुटला. तिने कमरेचा दोर सोडून माझ्या टोकांना बांधला, अब्बांना माझ्यावर पालथे झोपवले, स्वतः चटईवर पालथी पडली आणि माझे मागचे टोक धरले.

दोराचे दुसरे टोक आलोकने जीपच्या मागच्या हुकाला अडकवले होते. पण दोर सांभाळायला त्याला काठावर उभे राहणे भाग होते. मग गाडी कोण चालवणार? रबिया जीपमध्ये जाऊन बसली. एरवी ती भाजी आणायला गाडी नेई तेवढीच. "एकदम हळू, भाभी," आलोक म्हणाला. "पायी चालल्यासारखं."

"मला माहीत्येय कोणाला ओढायचंय ते," रबिया म्हणाली.

तिने इतकी सावकाश गाडी नेली, की दोराला एकही झटका बसला नाही. मी दोन माणसांचे ओझे घेऊन घसरत गेले. माझ्यातली डावी एका शिंपल्यांच्या थरावर खरवडली आणि तिची पोलादी कड मागच्या बाजूला सुटली. मला ते कळले, पण त्या वेळी त्याचे काही वाटले नाही.

मदतीची गाडी आली तेव्हा अब्बा ब्लँकेट गुंडाळून चहा पीत होते. त्यातल्या एकाने मला उचलून हिंदीत विचारले, "ये क्या चीज है?" आलोक सांगू लागला, पण अब्बांनी त्याला हाताने थांबवले. "मेरी बेटी का सामान है," ते म्हणाले. "पहाड़ में जाती है वो."

घरी आल्यावर मला न्हाणीघरात अब्बांनीच धुतले. गोड्या पाण्याने, पुन्हा पुन्हा. खारट चिखल पोलादाला खातो हे बंदरावरच्या माणसाला सांगावे लागत नाही. जुन्या दातांच्या ब्रशने ते पट्ट्यांच्या केसांतून चिखल काढत बसले होते. माहीन दारात आली.

"कड सुटली काय गो हिची?"

"हो. आता अवघड उतारावर नाही चालणार ती. सपाटीवर चालेल."

ते बराच वेळ ब्रश फिरवत राहिले. मग म्हणाले, "तिथे भाड्याने मिळतात ना? मग तू चांगली बघून घे. स्वस्तातली नको."

मित्रांनो, वापरून वापरून मी झिजले, याचे मला दुःख नाही. चढ चढताना, घसरताना, त्या चिखलातही मी जिवंत होते. दुःखाचे दिवस होते ते बाल्कनीतले, जिथे मला कोणी हातही लावत नव्हते. तुमच्या घरीही कुठे तरी एखादी सायकल, एखादी बॅट, एखादी पेटी अशी पडून असेल. तिला एकदा बाहेर काढा. पुसा, तेल द्या. तुम्हाला नको असेल, तर ज्याला हवी आहे त्याला द्या. आणि वापरून झाल्यावर तिला ऊन-पाण्यात टाकून देऊ नका. एवढेच माझे मागणे आहे.

त्या वर्षी जॉर्जियाला माहीन आणि तिचे आईवडील असे तिघेही गेले. माहीनने चांगली बघून एक जोडी भाड्याने घेतली, आणि या खेपेस आकाश स्वच्छ होते. ती खिंडीपर्यंत जाऊन आली. मी आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मागच्या सपाट शेतात अब्बांच्या पायांत होते. रबिया खुर्चीत शाल गुंडाळून बसली होती आणि फोनवर त्यांचे फोटो काढत होती. माहीन परतली तेव्हा अब्बा कुंपणापर्यंत जाऊन वळायच्या बेतात होते. वळताना त्यांचा तोल गेला आणि ते आडवे झाले. बर्फ मऊ होता. तरी ते उठेनात, तेव्हा ती घाबरून धावत आली.

"अब्बा, लागलं का?"

"नाय गो. थांब जरा," ते म्हणाले. "आभाळ बघतोय."

मीही त्यांच्या पायांना बांधलेली, दोन्ही टोके वर करून, त्यांच्याबरोबर आभाळच बघत होते.