अर्धं नाव

सावित्रीबाईने साठवणीच्या ढोल्यात कोपरापर्यंत हात घातला आणि धानाऐवजी तिच्या बोटांना पुठ्ठा लागला. ओढून काढले तर पुस्तक. वरच्या चित्रात नदी, नदीत डोंगा, डोंग्यात दप्तर घेऊन बसलेली पोरगी आणि तिच्याकडे पाठ करून वल्हवणारा पोरगा.

"प्रेमिला! धानासंगं पुस्तकंही पिकून राहिले का व आपल्या घरी?"

सून राखेच्या हातांनीच धावत आली. पदर पुढे ओढताना कपाळाला राख लागली.

"मायेरून आनलं होतं, माय."

"मंग ढोल्यात कायले?"

प्रेमिला पदराने कपाळाची राख पुसू लागली. सावित्रीबाईने पुस्तक कमरेला खोचले.

या घरात आधीच एक गोष्ट अडून बसली होती. सावित्रीबाईचा मुलगा घनश्याम गोंदियाला तांदळाच्या गिरणीत कामाला होता आणि शनिवारच्या गाडीने सौंदडला येई. दिवाळीत त्याने तिथे खोली पाहिली, बायकोची पेटी बांधायला नवी दोरी आणली आणि स्वतः बोलायचे धाडस नव्हते म्हणून उदाराम काकाला पुढे केले. सावित्रीबाई काकाला म्हणाली होती, "सून गोंदियाले पाठवू, अन् रोवणीले काय कोंबड्या नेऊ?" तेव्हापासून दोरी खुंटीला लटकत होती. प्रेमिला रोज झाडताना त्या दोरीकडे बघायची.

उकडून उसनलेले धान अंगणात वाळत होते. कोंबड्या हाकलायची काठी घेऊन सावित्रीबाई पायरीवर बसली आणि खोट काढायचीच म्हणून पुस्तक उघडले. ती दुसरीपर्यंत शिकलेली. शाळेत जोडाक्षरे सुरू झाली त्याच आठवड्यात शेतात भाताची रोवणी सुरू झाली, आणि बापाने तिला रोवणीला नेले. म्हणून स्टेशनवरची पाटी ती धडाधड वाची. आपल्याच नावातला 'त्र' मात्र सही करताना चित्रासारखा काढी. पण तिला अडाणी म्हणायची गावात कोणाची छाती नव्हती.

जोडाक्षर आले की त्याला वळसा घालत तिचे बोट पुढे सरकत होते. एका शब्दापाशी ते थांबले. हे अक्षर ओळखीचे होते. सुनेच्या पत्र्याच्या पेटीवर हिरव्या रंगात हेच काढलेले होते.

"प्रेमिला! तुझं नाव छापलं आहे याच्यात. अन् तेही अर्धं! वेलांटी खाल्ली, ला खाल्ला. छापनारा उपाशी होता का?"

पायाने धानात रेघा ओढणारी प्रेमिला जवळ आली. वाकून पाहिले आणि तिचे कान लाल झाले.

"ते माजं नाव नाई, माय. दुसरा शब्द आहे."

"कोनता?"

"तुमच्यासमोर कसा सांगू?"

सावित्रीबाईने शब्दाकडे पाहिले. ओठ हलवले. मग काठी हळूच मांडीवर आडवी ठेवली.

"आता व माय! मंग मी दिवसभर गावात काय बोंबलत फिरून राहिली?"

प्रेमिलाने तोंडात पदर कोंबला, तरी हसू बाहेर आलेच.

"हासू नको. वाच इथून. हे पुस्तक किती वाया गेलं आहे ते मले पाहू दे."

मग धान वाळेपर्यंत वाचन चालले. पुस्तकातली पोरगी रोज डोंग्याने पलीकडच्या शाळेत जाई. पोरगा तिच्यासाठी बसायची फळी गमछ्याने कोरडी करी, पण बोलत नसे. सावित्रीबाईला पहिल्या दिवशी त्याचा राग आला, दुसऱ्या दिवशी त्याची काळजी वाटू लागली. तिसऱ्या दिवशी ती चूल विझवून लवकर येऊन बसली.

शनिवारी दुपारच्या वाचनात पुस्तकातली पोरगी कायमची मामाच्या गावाला निघाली. पोरगा वल्हे धरून काठावर उभा.

"बोल ना बे, भैताडा!" सावित्रीबाईने पायरीवर काठी आपटली. कोंबड्या उगाच पळाल्या. "बोलते का नाई तो?"

"मालूम नाई, माय. मी इथवरच वाचलं होतं. मंग तुमी घेतलं."

सावित्रीबाईने पुस्तक मिटून पदराखाली ठेवले. "राहू दे. आता नको."

संध्याकाळी घनश्याम आला. जेवायला बसला. भाताचा डोंगर अर्धा झाल्यावर ताटाकडेच बघत म्हणाला, "माय, पानी."

पाण्याचा लोटा घेऊन प्रेमिला त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. रीतीप्रमाणे तिने तो सासूच्या हातात दिला. सावित्रीबाईने मुलापुढे धरला आणि मधेच थांबली. घनश्याम लोट्यावरच्या ओल्या बोटांच्या खुणांकडे पाहत होता.

"भैताड!"

"मी काय केलं?"

"काईच नाई केलं. तेच म्हनून राहिली मी." तिने लोटा सुनेच्या हातात परत दिला. "तुझ्या हातानं दे. मी काय पानीवाली आहो?"

मग ती उठली, खुंटीवरची दोरी काढली आणि मुलाच्या ताटाशेजारी टाकली.

"जेवण झालं का पेटी बांध. अन् गाठ घट मार, काकाले नको बोलावू."

दुसऱ्या दिवशी निघताना प्रेमिलाने पुस्तकासाठी हात पुढे केला नाही. सावित्रीबाईनेच ते पोटाशी धरले.

"हे इथं राहीन. तो मुका बोलते का, मले पाहाचं आहे."

"जोडाक्षरं अडतीन, माय."

"अडतीन तिथं तनसाची काडी ठेवीन. शनिवारी आली का सांगजो. अन् रोवणीले नाई आली, तं गोंदियाले येऊन झिंज्या धरून आनीन!"

प्रेमिला पाया पडायला वाकली आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ वाकलेली राहिली.

बुधवारपर्यंत पुस्तकातून पेंढ्याच्या इतक्या काड्या बाहेर आल्या, की ते न झोडलेल्या पेंडीसारखे दिसू लागले. एका शब्दाला मात्र काडी लागली नाही. तो आला की सावित्रीबाई बोट न थांबवता मोठ्याने वाची.

त्या दुपारीही तिने वाचला, आणि सवयीने उरलेले अर्धे नावही तोंडातून निघून गेले. घरातून कोणी ओ दिली नाही. कोंबडी धानात शिरली होती. सावित्रीबाईने बसल्या जागेवरून काठी आपटली. दुसऱ्या हाताचे बोट मात्र तिने पानावरून उचलले नाही.